नगर–बीड–परळी रेल्वे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी सुरू झाली, ढोल वाजले, गुलाल उधळला, फोटो निघाले आणि आता डबे मोकळे पळतायत, म्हणून जो तो विचारतोय की याचं पुढं काय. तेच तेच प्रश्न सारखे येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. उत्तरं जरा लांबलीत, चालवून घ्या. आणि हो, कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण आपण बोलताना नगरच म्हणतो, म्हणून इथं पण नगरच लिहितोय.

रेल्वे नेमकी कुठपर्यंत आलीय?

नगरपासून बीडपर्यंत. म्हणजे १६७ किमी. पूर्ण मार्ग नगर–बीड–परळी वैजनाथ असा २६१ किमीचा आहे, त्यातले बीड ते परळी हे शेवटचे ९४ किमी राहिलेत.

हे सगळं तुकड्या तुकड्यानं झालंय. पहिला तुकडा नगर ते नारायणडोह, फक्त १२ किमी, त्याची चाचणी २०१७ ला. मग सोलापूरवाडी. मग २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी छोटी लोकल, सुरू झाली (६६ किमी). मग २८ फेब्रुवारी २०२४ ला आष्टी ते अंमळनेर, त्याचं उद्घाटन पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून ऑनलाइन केलं, त्याच दिवशी वर्धा–कळंबचं पण झालं होतं. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मुख्यमंत्री फडणवीसांनी बीडच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला. बीड शहरात पहिल्यांदा प्रवासी गाडी आली ती तेव्हा. अंमळनेर म्हणजे आपलं भांड्याचं अंमळनेर बरं का, जळगावचं नाही, दर वेळी कुणीतरी गोंधळतंच.

गाडी किती वाजता असते आणि किती वेळ लागतो?

सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक असं: नगरहून सकाळी सातच्या जरा आधी निघते, साडेबाराला बीड. दुपारी एकला बीडहून परत, संध्याकाळी साडेसहाला नगर. रविवारी सुट्टी. वेळा मधेच बदलतात म्हणून निघण्याआधी एनटीईएस वर (गाड्यांच्या वेळा दाखवणारं रेल्वेचं अ‍ॅप) किंवा १३९ ला फोन करून बघून घ्या, नाहीतर स्टेशनवर कबुतरं मोजत बसावं लागेल.

हिशोब केला तर १६७ किमीला साडेपाच तास, म्हणजे ताशी ३० किमीच्या आसपास. आणि याच मार्गावर चाचणीच्या वेळी गाडी ताशी शंभरच्या वर पळवलेली आहे. म्हणजे रूळ दमदार आहेत, कमी आहे ती वेळापत्रकात. थांबे भरपूर, लाइन एकेरी, वर वेळापत्रकात सैल वेळ सोडलेला, कारण एकच गाडी जायची आणि तीच परत यायची, घाई कुणालाच नाही.

मग लोक बसत का नाहीत? एवढी वर्षं रेल्वे पाहिजे रेल्वे पाहिजे म्हणून बोंबलत होते ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा असा असतो की लोकांनाच कदर नाही. मला हे अजिबात पटत नाही.

वरचं वेळापत्रक परत एकदा वाचा, पण या वेळी बीडच्या, रायमोह्याच्या किंवा कड्याच्या माणसाच्या जागी बसून वाचा. त्याला नगरला कशासाठी जायचं असतं? दवाखाना, कॉलेज, कोर्ट, मार्केट, नोकरी. म्हणजे सकाळी नऊ-दहाला नगरात पोचायचं आणि संध्याकाळी पाच-सहाला परत निघायचं. गाडी काय करते? सकाळी नगरहून निघून गावाकडं येते. दुपारी गावाकडून नगरला जाते. संध्याकाळी साडेसहाला नगरात नेऊन सोडते, जेव्हा दवाखान्याची ओपीडी संपलेली, कोर्ट बंद, कॉलेज सुटलेलं. आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे नगरला कामाला जायचं तर मुक्कामच करावा लागणार, आता दात काढायला गेलेला माणूस मुक्काम करील का?

उलट बाजूनं बघितलं तरी तेच. नगरचा माणूस सकाळी बसला, साडेबाराला बीडला उतरला, तर परतीची गाडी एकला. अर्ध्या तासात बीडमधे काय होतं? स्टेशनबाहेर चहा होतो. झालं.

आणि हे बीडपासून सुरू झालेलं दुखणं नाहीये. २०२२ ला आष्टीची डेमू सुरू झाली तेव्हाच्या वेळा बघा: नगरहून सकाळी ७.४५, आष्टीला १०.३०, परत ११ वाजता निघून नगरला १३.५५. तोंड उलट्या दिशेला. डबे मोकळे राहिले, मग बातम्या आल्या की प्रतिसाद नाही, मग तीन वर्षांनी बीडपर्यंत लाइन वाढली आणि वेळापत्रकाची दिशा मात्र तीच ठेवली. गाडी नगरला मुक्कामी असते म्हणून ती नगरहूनच सुटणार, हे रेल्वेच्या सोयीनं बरोबर आहे. प्रवाशाच्या सोयीनं गाडी बीडला किंवा निदान आष्टीला मुक्कामी पाहिजे, पहाटे तिथून निघून नऊ-साडेनऊला नगरात. तेवढं करून बघितलं आणि तरी डबे मोकळे राहिले, तर मग लोकांना बोला, मी पण बोलीन तुमच्याबरोबर.

पण तिकीट तर लई स्वस्त आहे ना?

आहे की. नगर–बीड चाळीस रुपयांच्या आसपास. एसटीचं जानेवारी २०२५ ला भाडं वाढलं, जवळजवळ १५ टक्के, त्यामुळं साध्या बसनं सुद्धा दोनशेच्या वर जातात. कागदावर रेल्वे पाचपट स्वस्त.

पण घरातून कोण कोण निघतं ते बघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं. रेल्वेनं मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद केली ती परत दिलीच नाही. म्हणजे सासूबाई फुकट, सूनबाई अर्ध्यात, आणि एसटी गावातल्या फाट्यावरून दिवसातून कितीतरी वेळा. त्यात रेल्वे स्टेशनपर्यंत रिक्षाचे जायचे-यायचे धरले की चाळीस रुपयांची गंमत संपते. शिवाय बस साडेतीन तासाच्या आत पोचवते, रेल्वे साडेपाच. वेळेला पण किंमत असते, शेतकऱ्याच्या तर जास्तच, मागं दूध काढायचं असतं.

स्टेशनं गावापासून एवढी लांब का बांधली?

दोन कारणं. एक, गावाजवळची जमीन महाग आणि त्यावर घरं, विहिरी, बागा, भूसंपादनाची डोकेदुखी. दुसरं, हा सगळा बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग, आणि रेल्वेला चढ सोसत नाही. बस घाटात पहिल्या गिअरवर रडत का होईना चढते, रेल्वेला मात्र वळसे घेत, भराव टाकत, डोंगर कापत जावं लागतं. म्हणून रेल्वेचं अंतर पण रस्त्यापेक्षा जास्त भरतं.

पण स्टेशन लांब असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही, महाराष्ट्रात कितीतरी गावांची स्टेशनं गावापासून लांब आहेत आणि तिथं टमटम, रिक्षा, एसटी सगळं मिळतं, कारण दिवसातून पाच-सहा गाड्या थांबतात. एका गाडीसाठी कोण रिक्षावाला उन्हात उभा राहील? एसटीनं गाडीच्या वेळेला एक बस स्टेशनवरून फिरवली तरी फरक पडेल. हे काम राज्य सरकारच्या हातातलं आहे, त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. आणि या लाइनचा निम्मा खर्च राज्यानंच उचललाय, तर स्वतःच्याच दोन गोष्टी एकमेकींना जोडायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

ती जळालेली गाडी हीच का?

हो, हीच आष्टी–नगर डेमू. १६ ऑक्टोबर २०२३, दुपारची वेळ, नारायणडोह आणि नगरच्या मधे आग लागली आणि पाच डबे जळाले. सगळे प्रवासी सुखरूप उतरले, हे महत्त्वाचं. तेव्हा डब्यात गर्दी नव्हती हे एकप्रकारे बरंच झालं, असं बोलायची वेळ यावी हे काही चांगलं लक्षण नाही.

१९९५ ला मंजूर झालेली लाइन २०२५ ला बीडला? तीस वर्षं काय करत होते?

मंजूर झाली तेव्हा अंदाज ३५३ कोटींचा होता. आता तो ४,८०५ कोटींवर गेलाय. साडेतेरा पटीच्या वर. हा आकडा भाषणात अभिमानानं सांगतात, 'एवढा निधी आणला' म्हणून, पण त्यातला मोठा भाग निव्वळ उशिराचा आहे, हे कुणी सांगत नाही.

उशीर का झाला तर, सुरुवातीची कितीतरी वर्षं बजेटमधे चिल्लर टाकायचे. लाइन जिवंत आहे एवढं दाखवण्यापुरते पैसे यायचे. त्यात नवीन लाइनचा हिशोब रेल्वे परताव्यावर करते, आणि दुष्काळी भागातल्या लाइनचा परतावा कागदावर कधीच चांगला दिसत नाही. मग तोडगा निघाला की निम्मा खर्च केंद्र, निम्मा राज्य. त्यानं लाइन वाचली हे खरंय, पण मग दुसरंच सुरू झालं, राज्याचा हप्ता अडकला की काम अडकायचं, हप्ता आला की भूसंपादन अडकायचं, ते सुटलं की ठेकेदार बदललेला असायचा, आणि तोवर सिमेंट-लोखंडाचे भाव वाढून अंदाजपत्रक परत नवं करावं लागायचं. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक निवडणुकीत ही रेल्वे आली. गोपीनाथ मुंडेंनी हा विषय सोडला नाही हे त्यांचे विरोधक पण मान्य करतात. ते जून २०१४ ला गेले, तेव्हा लाइनचा पहिला तुकडा पण सुरू झालेला नव्हता.

बीड जिल्ह्यात त्याआधी रेल्वेच नव्हती, हे खरंय का?

नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, पण चूक आहे. परळी वैजनाथ जंक्शन कधीचं आहे, अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर स्टेशन पण जुनंच. रेल्वे नव्हती ती बीड शहराला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाला, आणि जिल्ह्याच्या सगळ्या पश्चिम भागाला, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार वगैरे.

याचं मूळ निजामाच्या काळात आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादकडं मीटरगेज लाइन गेली, ती गोदावरीच्या खोऱ्यानं. डोंगरातलं बीड तेव्हा बाजूला राहिलं आणि मग राहूनच गेलं.

एवढे पैसे घालून गाडी मोकळी पळते, मग ही लाइन बंद पडेल का?

ही भीती उगाच नाहीये. पाचोरा–जामनेरची छोटी गाडी २०२० च्या लॉकडाउनला थांबली ती परत धावलीच नाही. विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला पण थांबली ती थांबलीच. त्या गावातले लोक अजून ब्रॉडगेजची वाट बघतायत.

पण त्या होत्या नॅरोगेज, इंग्रजांच्या काळातल्या, रूळ खिळखिळे, वेग बैलगाडीच्या जवळपास. आपली लाइन नवी कोरी ब्रॉडगेज आहे आणि पुढं ९४ किमीचं काम चालू आहे, अशी लाइन मधेच कुणी गुंडाळत नाही. बंद पडण्याची भीती मला नाही. भीती दुसरी आहे. ही एकच डेमू वर्षानुवर्षं अशीच पळत राहील, दर वर्षी कुणीतरी आकडे काढून म्हणेल की बघा प्रवासी नाहीत, म्हणून दुसरी गाडी देता येत नाही, आणि दुसरी गाडी नाही म्हणून प्रवासी वाढणार नाहीत. हे चक्र एकदा सुरू झालं की तोडायला फार जड जातं. आष्टीनं तीन वर्षं हेच बघितलं.

आणि मुळात हा मार्ग बीडला जाऊन थांबण्यासाठी बांधलेलाच नाही. तो नगर आणि परळी जोडायला बांधलाय. अर्धवट लाइनच्या प्रवासी संख्येवरून पूर्ण लाइनची लायकी ठरवणं म्हणजे नदीवर अर्धाच पूल बांधून त्यावरून कुणी जात नाही म्हणायचं.

परळीपर्यंत झाल्यावर असं काय वेगळं होणार?

नकाशा घ्या. आज नगरहून रेल्वेनं परळीला जायचं तर मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी असा वळसा, साधारण ५०० किमी. नवीन लाइननं २६१. जवळजवळ निम्मं. परळीहून पुढं एकीकडं लातूर रोड, विकाराबाद, हैदराबाद आणि दुसरीकडं परभणी, नांदेड. म्हणजे पुण्याहून नगर-बीडमार्गे परळी, नांदेड, हैदराबाद असा एक नवाच रस्ता उघडतो. लांब पल्ल्याच्या गाड्या इथून जायला लागल्या की बीडला आपोआप दोन-चार गाड्या मिळतील, त्या खास बीडसाठी कुणाला मागाव्या लागणार नाहीत.

परळीला ज्योतिर्लिंग आहे, महाशिवरात्रीला आणि श्रावणात किती लोक जातात ते सांगायला नको. नगरच्या बाजूला शिर्डी, शनिशिंगणापूर. देवदर्शनाची गाडी एवढी सहज भरते की ती न सुचणारा माणूस विरळा.

अडचण एक आहे जी फारसं कुणी बोलत नाही. नगर मध्य रेल्वेत येतं, परळी दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. दोन झोनमधून जाणारी गाडी सुरू करायची तर दोघांनी हो म्हणावं लागतं, डबे कुणाचे, देखभाल कुठं, कुणाच्या मार्गावर जागा आहे, सगळं. त्यामुळं रूळ जुळले त्याच दिवशी गाड्या सुरू होतील अशा भ्रमात राहू नका. त्याचा पाठपुरावा आत्तापासून करायला पाहिजे, काम संपल्यावर नाही.

परळीची वाट बघायची का? आत्ताच बीडहून पुण्या-मुंबईला थेट गाडी का देत नाहीत?

द्यायला पाहिजे, आणि माझ्या मते हीच खरी मागणी आहे. बीड, आष्टी, पाटोद्याच्या घराघरातलं कुणीतरी पुण्यात आहे. हिंजवडीत, चाकणला, भोसरीत, स्पर्धा परीक्षेवाले सदाशिव पेठेत. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सचे भाव बघा, दिवाळीत तर विमानाच्या तिकिटाशी बरोबरी करतात. हा सगळा प्रवासी तयार आहे, त्याला नगर नकोय, त्याला पुणे पाहिजे. नगरला उतरून, स्टेशनवर ताटकळून, दुसरी गाडी पकडून पुण्याला जाण्यापेक्षा तो सरळ बसमधे झोपून जातो.

यातलं उदाहरण शेजारीच आहे, लातूर. तिथं आधी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी होती, १८९७ ला कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं सुरू केलेली लाइन, कुर्डुवाडीला जाऊन गाडी बदलायची. ब्रॉडगेज झालं आणि मुंबईची रात्रीची थेट गाडी मिळाली, मग त्या गाडीला एवढी गर्दी व्हायला लागली की २०१७ ला ती पुढं बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर आमची गाडी पळवली म्हणून आंदोलनाला उतरले. त्याच लाइननं २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणलं. गाडी संध्याकाळी जेवण करून बसायची आणि सकाळी कामाच्या गावाला उतरवणारी असली की लोक स्वतःहून येतात, जाहिरात करायला लागत नाही.

बीडला अशी गाडी द्यायची तर बीड स्टेशनवर डब्यांची साफसफाई-देखभाल, पाणी भरायची सोय, गाडी उभी करायला जास्तीच्या लाइन हे सगळं लागतं. पण रोज नको, आठवड्यातून तीन दिवस तरी द्या, शुक्रवार-रविवार धरून. देखभाल पुण्यातच करा. तेवढं जमण्यासारखं आहे.

मालगाडीचं काय? कांदा, कापूस रेल्वेनं जाईल का?

जाऊ शकतो, पण लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. कड्याचा कांदा बाजार प्रसिद्ध आहे, आष्टी तालुक्याचं दूध आहे, बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, कापूस तर सगळीकडंच. पण रेल्वेचा पूर्ण रेक म्हणजे अडीच हजार टनांच्या वर माल, तो एकावेळी, एका ठिकाणचा, एका ठिकाणी जाणारा. एका शेतकऱ्याचं काय, चार व्यापाऱ्यांचं पण ते काम नाही.

छोट्या मालाला जागा मिळते ती किसान रेल्वेसारख्या गाडीत. ऑगस्ट २०२० ला देवळाली–दानापूर अशी पहिली सुरू झाली होती, मग सांगोल्याहून डाळिंबाच्या गाड्या गेल्या, भाड्यात ५० टक्के अनुदान होतं, आणि शेतकरी चार-दोन क्विंटल सुद्धा पाठवू शकत होता. अनुदान गेलं आणि गाड्या पण आटल्या. तसं काही परत आलं तर कडा आणि आष्टी ही दोन स्टेशनं पहिल्या दिवसापासून चालतील असं मला वाटतं, पण मालधक्का, शेड आणि धक्क्यापर्यंत ट्रक जाईल असा रस्ता आधी पाहिजे. पावसाळ्यात ट्रक फसला तर कांदा तिथंच सडणार.

येणाऱ्या मालाचं गणित जास्त सोपं आहे. खत आणि सिमेंट. जिल्ह्याला खत लागतंच, रेक बीडला लागला तर ट्रकची वाहतूक वाचते. याकडं आधी बघा, कांद्याची भाषणं नंतर करा.

ऊसतोड कामगारांना याचा उपयोग होईल का?

आत्ताच्या स्वरूपात फारसा नाही. टोळी निघते ती बैलगाडी, संसार, पोरंबाळं, कोयते, पत्रे, कधी शेळ्या-कोंबड्या घेऊन, ट्रक नाहीतर ट्रॅक्टरमधून, थेट कारखान्याच्या फडापर्यंत, आणि गाडीचा खर्च मुकादम उचलतो. ते सगळं सोडून डेमूत कोण बसणार. पण मधेच गावाकडं यायचं असतं, सण, लग्न, आजारपण, पोरांची शाळा, तेव्हा एकट्या माणसाला पश्चिम महाराष्ट्रातून यायला थेट गाडी मिळाली तर नक्की उपयोग होईल. परत फिरून मुद्दा तिथंच येतो, गाडी नगरला संपता कामा नये.

विद्यार्थ्यांना, नोकरदारांना पास मिळतो का?

रेल्वेचा मासिक पास साधारणपणे १५० किमीपर्यंतच मिळतो. आष्टी, कडा, धानोरा, अंमळनेर या अंतरात बसतात. बीड–नगर १६७, म्हणजे बाहेर. तसंही रोज साडेपाच तास जाऊन साडेपाच तास येणारा कर्मचारी अजून जन्माला यायचाय. पण आष्टी–नगर पासवाल्यांची गर्दी ही या लाइनचा पाया होऊ शकते, कडा-धानोऱ्याची पोरं कॉलेजला नगरला जातातच. फक्त त्यांना सकाळी नगरला पोचवणारी गाडी पाहिजे. सध्याच्या वेळेत पास काढून करायचं काय, संध्याकाळी साडेसहाला कुठलं कॉलेज भरतं?

ऑनलाइन तिकीट मिळतं का?

ही अनारक्षित गाडी आहे, रिझर्वेशन नाही. रेल्वेचं रेलवन अ‍ॅप घ्या, त्यात जनरल तिकीट निघतं. खिडकीवर पण मिळतं. गाडी मोकळी आहे म्हणून बिनतिकीट बसू नका, दंडाचा त्रास तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तुमचा प्रवास कुठंच मोजला जात नाही. कुणी बसत नाही असं म्हणणाऱ्यांच्या हातात तोच आकडा जातो.

वेळापत्रक बदलून पाहिजे असेल तर कुणाला सांगायचं? निवेदन देऊन काही होतं का?

नुसत्या निवेदनानं होत नाही, पण योग्य वेळी योग्य जागी दिलेल्यानं कधीकधी होतं. रेल्वेचं नवीन वेळापत्रक आता १ जानेवारीपासून लागू होतं आणि त्याची जुळवाजुळव कितीतरी महिने आधी सुरू होते. म्हणजे डिसेंबरात मोर्चा काढून उपयोग नाही, तेव्हा सगळं छापायला गेलेलं असतं. उन्हाळ्यातच कामाला लागा.

विभागीय पातळीवर आणि झोनच्या पातळीवर रेल्वे प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात, त्यात आपल्या भागाचा सदस्य कोण आहे ते शोधा आणि त्याच्यामार्फत विषय मांडा. खासदारांचं पत्र जोडा, बीड आणि नगर दोन्हीकडच्या, एकाचंच असलं की दुसरीकडचे म्हणतात हा तिकडचा विषय. आणि पत्रात 'जनतेची तीव्र भावना' वगैरे लिहू नका, ती वाचून वाचून साहेब लोक थकलेत. सरळ लिहा की गाडी आष्टीहून सकाळी सातला सुटून नऊ-साडेनऊला नगरला पाहिजे, संध्याकाळी सहाला परत, अमुक कॉलेजात या गावांची एवढी पोरं आहेत, अमुक एमआयडीसीत एवढे कामगार, सोबत त्यांची यादी. कॉलेजच्या प्राचार्यांचं, कारखान्याचं, बाजार समितीचं लेटरहेड जोडता आलं तर बघा. एसटीच्या आगारप्रमुखाला पण एक प्रत द्या, स्टेशनवरून बस फिरवण्यासाठी.

कायमचा बदल नाही म्हणाले तर तीन महिन्यांच्या प्रयोगासाठी मागा. प्रयोगाला हो म्हणणं अधिकाऱ्याला सोपं जातं. आणि प्रयोग सुरू झाला की त्या तीन महिन्यांत तिकीट काढून बसा.